हार्मोन्सची तोंडओळख: रिपोर्टमधला एकटा आकडा वाचू नका

रसायनी

टीएसएच, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन यांच्या रिपोर्टवरचे प्रश्न निरनिराळ्या धाग्यांवर विखुरलेत आणि बहुतेकांचं मूळ एकच आहे. माणसं आकडा बघतात, शेजारी छापलेली रेंज बघतात आणि खूश तरी होतात नाहीतर धसका तरी घेतात. हार्मोनचा आकडा असा सुटा वाचता येत नाही. का, ते कळण्यापुरती ही तोंडओळख. भर घाला, चुकलं तर सांगा.

१९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा घेतला, त्याच्याकडे जाणारे मज्जातंतू तोडले आणि रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. त्या तुकड्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंडातून रस पाझरायला लागला. मज्जातंतूच नाहीत, तर निरोप गेला कसा? मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून खललं, गाळून शिरेत टोचलं. पुन्हा रस आला. रक्तातून गेलेल्या त्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या रसायनांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. एका जागच्या पेशीने रक्तात सोडायचं आणि दूरच्या पेशीने त्यावर काम करायचं, एवढीच मूळ कल्पना. हार्मोन रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं, पण दाद देते ती त्याचा रिसेप्टर (त्या हार्मोनला धरणारं प्रथिन) असलेलीच पेशी.

रासायनिकदृष्ट्या दोन घराणी लक्षात ठेवली तरी पुष्कळ उलगडतं. एक प्रथिनांचं: इन्सुलिन, ग्लुकागॉन, ग्रोथ हार्मोन, टीएसएच, पॅराथायरॉइड हार्मोन. ही पाण्यात विरघळतात आणि पेशीच्या आवरणातून आत शिरू शकत नाहीत. त्यांचा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतो आणि परिणाम सेकंदा-मिनिटांत सुरू होतो. रक्तात ती फार टिकत नाहीत. इन्सुलिनचं अर्धायुष्य (रक्तातली मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ) जेमतेम पाच मिनिटं. दुसरं घराणं कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या स्टेरॉइडचं: कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन. ही सरळ आत जातात, जनुकांवर काम करतात, त्यामुळे परिणाम दिसायला तास किंवा दिवस लागतात. थायरॉइडची हार्मोन्स बनतात अमिनो आम्लापासून, पण वागतात दुसऱ्या घराण्यासारखी. अ‍ॅड्रेनॅलिनही अमिनो आम्लापासूनच बनतं, ते मात्र पहिल्या घराण्यासारखं वागतं.

आता ग्रंथी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, त्याला लोंबणारी अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी. गळ्यात पंधरा-वीस ग्रॅमची थायरॉइड, तिच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार पॅराथायरॉइड. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन अ‍ॅड्रिनल. स्वादुपिंडात विखुरलेली, हार्मोन बनवणाऱ्या पेशींची दहा लाखांच्या आसपास बेटं. शिवाय बीजांडकोश किंवा वृषण. पाठ्यपुस्तकातली यादी इथे संपते, शरीरातली संपत नाही: मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन बनवतं, हृदय एएनपी, चरबी लेप्टिन, जठर घ्रेलिन.

यातल्या बऱ्याच ग्रंथींचं काम साखळीने चालतं. हायपोथॅलॅमस टीआरएच सोडतो, पिट्युटरी टीएसएच सोडते, थायरॉइड तिची हार्मोन्स सोडते: टी४ आणि थोडं टी३. टी४-टी३ पुरेसं झालं की तेच वर जाऊन टीआरएच आणि टीएसएच दाबतं. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. हे एक नीट समजलं की निम्मे रिपोर्ट आपोआप वाचता येतात.

शंकासुर

चांगली सुरुवात. दोन शंका.

१. टीएसएच वाढलं तर थायरॉइड कमी पडतंय म्हणतात. वाढलंय तर कमी कसं?

२. थायरॉइडची गोळी चालते, गर्भनिरोधक गोळी चालते, मग इन्सुलिनला सुईच का?

रसायनी

दुसरं आधी, कारण ते सोपं आहे. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन, २१ ची एक साखळी आणि ३० ची दुसरी. गिळलं की जठर आणि आतडं त्याला इतर प्रथिनांसारखंच पचवून टाकतं. टी४ आणि स्टेरॉइड हे लहान रेणू आहेत, ते पचनातून तगतात.

पहिलं: टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाही, थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. साहेब ओरडतोय म्हणजे कारकून काम करत नाहीये. साहेब गप्प आहे म्हणजे काम भरपूर होतंय, किंवा साहेबच आजारी आहे. ही शेवटची शक्यता विसरली की घोटाळा होतो.

म्हणून जोडी वाचायची. टीएसएच वर आणि फ्री टी४ (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं, काम करणारं टी४) खाली: बिघाड थायरॉइडमध्ये. टीएसएच खाली, फ्री टी४ वर: थायरॉइड बेलगाम, किंवा गोळीचा डोस जास्त. टीएसएच वर, फ्री टी४ रेंजमध्ये: सुरुवातीचा बिघाड, बऱ्याचदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. आणि फ्री टी४ खाली असूनही टीएसएच खाली किंवा 'नॉर्मल': पिट्युटरीकडे बघा. टी४ एवढं पडलेलं असताना टीएसएच २ असणं नॉर्मल नव्हे, ते १० च्या पुढे हवं होतं. नुसतं टीएसएच करणाऱ्याच्या हातून नेमका हाच रुग्ण सुटतो. (बाकी कारणाने खूप आजारी असलेल्या, दवाखान्यात भरती माणसातही असे आकडे दिसतात, म्हणून तेव्हा गरज नसेल तर थायरॉइड तपासूच नये.)

टीएसएच इतकं हलतं याचं कारण त्याचं नातं सरळ रेषेतलं नाही. फ्री टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच साधारण शंभरपट चढू शकतं. म्हणून टीएसएच ४ वरून ६ झालं तर थायरॉइड दीडपट बिघडलं असा हिशोब करू नका.

मीनाक्षी_प

यातच टी४ च्या गोळीचा हिशोब जोडते, कारण लोक दर पंधरा दिवसांनी टीएसएच करतात आणि डोस खालीवर करत बसतात.

टी४ चं अर्धायुष्य सुमारे सात दिवस. डोस बदलला की रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच अर्धायुष्यं लागतात, म्हणजे पाच आठवडे. पिट्युटरी त्याच्याही मागून चालते. म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. आधी केली तर अर्धवट बदललेला आकडा हाती येतो, त्यावर पुन्हा डोस बदलला जातो आणि महिनोन्महिने झोका चालू राहतो. याच सात दिवसांमुळे एखादी गोळी चुकली तर आकाश कोसळत नाही.

पूर्ण डोस साधारण वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला शंभराच्या आसपास. वयस्क किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला मात्र २५ किंवा १२.५ पासून हळूहळू चढवतात, कारण टी४ हृदयाचं काम वाढवतं.

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॉफी त्यानंतरच. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर, कारण त्या आतड्यात टी४ ला धरून ठेवतात. डोस वाढवूनही टीएसएच उतरत नसेल तर आधी हे वेळापत्रक विचारावं, थायरॉइडला दोष नंतर.

पारिजात

नमुना चुकला तर पुढचं सगळं पांडित्य फुकट. प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो.

कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. दुपारी चारला घेतलेला आकडा सकाळच्या रेंजशी ताडला तर धडधाकट माणूस आजारी ठरतो. रात्रपाळीवाल्यांचं चक्र सरकलेलं असू शकतं, ते आधी सांगा.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सात ते दहा, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी दुसऱ्यांदा. एका आकड्यावर निदान करायचं नाही. प्रोलॅक्टिन झोपेत आणि ताणाने वाढतं, म्हणून उठल्या-उठल्या नको. एक-दोन तास जाऊ द्यावेत, सुई टोचण्याआधी जरा शांत बसावं. एफएसएच (बीजांडकोशाला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन) पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. प्रोजेस्टेरॉनबद्दल 'एकविसावा दिवस' असं जे पाठ झालंय ते फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू पडतं. खरा नियम पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी, म्हणजे ३५ दिवसांचं चक्र असेल तर अठ्ठाविसावा. चुकीच्या दिवशी घेतलेलं कमी प्रोजेस्टेरॉन दाखवून 'बीज फुटलं नाही' असं सांगितलं जातं, ते साफ चूक.

ग्रोथ हार्मोन झटक्यांनी सुटतं, विशेषतः गाढ झोपेत. मधल्या वेळात ते धडधाकट माणसातही जवळजवळ शून्य असतं. त्यामुळे सहज केलेला एक आकडा काहीच सांगत नाही; त्याऐवजी त्याच्या हुकमाने बनणारं, दिवसभर स्थिर राहणारं आयजीएफ-१ मोजतात. एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायचा पिट्युटरीचा हुकूम) तर फार नाजूक: ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) नळी, बर्फात, लगेच थंड सेंट्रिफ्यूज. तासभर टेबलावर राहिलं तर आकडा घसरतो आणि दोष पिट्युटरीवर जातो. इन्सुलिनच्या नमुन्यात लाल पेशी फुटल्या तर त्यांतलं एन्झाइम इन्सुलिन खाऊन टाकतं.

केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असतं, कित्येकदा ५ ते १० मिलिग्रॅम. अनेक तपासणी किट बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाविडिन हे प्रथिन यांच्या पकडीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त येतं, म्हणजे हुबेहूब थायरॉइड बेलगाम झाल्याचं चित्र. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी या गोळ्या थांबवा आणि घेत होतात हे सांगा.

शेवटी एकक. कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे २७६ नॅनोमोल प्रति लिटर. दोन प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवून 'सत्तावीसपट वाढलं' म्हणण्याआधी एकक बघा.

केशव००७

पारिजात, +१. बायोटिनचं माहीत नव्हतं.

पिट्युटरीला सगळ्या ग्रंथींची राणी म्हणतात, ते कितपत खरं?

अरण्यक

अर्धवट. पॅराथायरॉइड आणि स्वादुपिंड पिट्युटरीला विचारत नाहीत. एक कॅल्शियम बघून चालते, दुसरं साखर बघून. अ‍ॅड्रिनलचं अल्डोस्टेरॉनही मुख्यतः मूत्रपिंडाच्या रेनिनवर आणि रक्तातल्या पोटॅशियमवर चालतं. आणि खुद्द राणी हायपोथॅलॅमसच्या मुठीत. पिट्युटरीच्या मागच्या भागातून सुटणारं ऑक्सिटोसिन आणि एडीएच तर ती बनवतही नाही. ती हायपोथॅलॅमसमध्ये बनतात, मज्जापेशींच्या तंतूंतून खाली येतात आणि तिथे साठतात. पुढचा भाग मात्र स्वतः सहा बनवतो: ग्रोथ हार्मोन, टीएसएच, एसीटीएच, एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन.

या सहांत प्रोलॅक्टिन उलट्या चालीचं आहे. इतरांना हायपोथॅलॅमस ढकलतो, याला प्रामुख्याने डोपामिनने रोखून धरतो. म्हणून पिट्युटरीचा देठ दबला तर बाकीची हार्मोन्स उतरतात आणि प्रोलॅक्टिन चढतं. याच कारणाने डोपामिन अडवणारी औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात: उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, डॉमपेरिडोन, मानसविकारावरचं रिस्पेरिडोन. शिवाय थायरॉइड कमी असलं की वाढलेलं टीआरएच प्रोलॅक्टिनलाही ढोसतं. तेव्हा प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की एमआरआयच्या आधी तीन गोष्टी: गर्भधारणा आहे का, कोणती औषधं चालू आहेत, टीएसएच किती. आकडा जास्त आणि त्रास काहीच नसेल तर मॅक्रोप्रोलॅक्टिनची तपासणी. त्यात प्रोलॅक्टिन अँटिबॉडीला चिकटून रक्तात नुसतं फिरत राहतं आणि काम फारसं करत नाही.

'किती'च्या जोडीला 'कसं' हेही महत्त्वाचं. १९७० च्या दशकात अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांच्या हायपोथॅलॅमसचा संबंधित भाग निकामी केला. बाहेरून दर तासाला एक झटका असं जीएनआरएच (एलएच-एफएसएच सोडायचा हायपोथॅलॅमसचा हुकूम) दिलं तेव्हा एलएच आणि एफएसएच पूर्ववत झाले. तेच औषध सलग दिलं तर दोन्ही पडले. सतत मारा झाला की पिट्युटरीच्या पेशी रिसेप्टर आत ओढून घेतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन उतरवायला ल्युप्रोलाइड वापरतात ते याच तत्त्वावर. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मात्र टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून त्या काळापुरती दुसरी गोळी जोडतात.

शंकासुर

म्हणजे फीडबॅक नेहमी निगेटिव्हच असं नाही?

अरण्यक

नाही. पाळीच्या चक्राचा मध्य बघा. इस्ट्रॅडिओल एरवी एलएचला दाबतं. पण ते २०० पिकोग्राम प्रति मिलिलिटरच्या वर सुमारे दोन दिवस टिकलं की पिट्युटरीची चाल पालटते आणि एलएचची लाट उठते. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी बीज फुटतं. घरी करायच्या ओव्ह्युलेशन पट्टीवर हीच लाट दिसते. म्हणजे पट्टी सांगते की बीज फुटायच्या बेतात आहे. फुटलं, असं ती सांगत नाही.

केशव००७

स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करू नका म्हणतात, तेही या साखळीमुळेच का?

मीनाक्षी_प

हो, आणि इथे चूक जिवावर बेतते म्हणून सविस्तर लिहिते.

साखळी अशी: हायपोथॅलॅमसचं सीआरएच, पिट्युटरीचं एसीटीएच, अ‍ॅड्रिनलचं कॉर्टिसॉल. बाहेरून प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड घेतलं की वरच्यांना ते कॉर्टिसॉलच वाटतं आणि एसीटीएच थांबतं. तीन-चार आठवड्यांच्या वर हे चाललं तर हुकूम न मिळाल्याने अ‍ॅड्रिनलचं कवच आक्रसायला लागतं. मग गोळी झटक्यात थांबवली तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. रक्तदाब कोसळणं, उलट्या, ग्लानी, साखर उतरणं: याला अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणतात.

म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. 'अर्ध्या मिलिग्रॅमची तर गोळी' म्हणून डेक्सामेथासोनला हलकं समजू नका. पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या वर आजार बघून उतरवतात. त्याखाली अ‍ॅड्रिनलला जाग यायला वेळ द्यावा लागतो, कधी कधी महिने. स्टेरॉइडची सांध्यातली इंजेक्शनं, जास्त डोसचे इनहेलर, अंगभर लावलेली तीव्र मलमं यांनीही साखळी दबते, आणि औषधांची यादी सांगताना लोक नेमकी हीच गाळतात.

साखळी दबलेल्या माणसाला ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली तर डोस वाढवावा लागतो, कारण धडधाकट शरीर अशा वेळी कॉर्टिसॉल कैक पटीने वाढवतं. तापात साधारण दुप्पट-तिप्पट. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. हा डोस आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा, ताप आल्यावर शोधाशोध नको.

बिघाड अ‍ॅड्रिनलमध्येच आहे की वर, हे ओळखायला सोपी खूण आहे. अ‍ॅड्रिनलच गेली असेल तर एसीटीएच खूप चढतं, त्वचा आणि हिरड्या काळवंडतात, आणि अल्डोस्टेरॉनही गेल्याने पोटॅशियम वाढतं. पिट्युटरी गेली असेल तर त्वचा काळवंडत नाही आणि पोटॅशियम ठीक राहतं, कारण अल्डोस्टेरॉन रेनिनवर चालतं (अरण्यक यांनी वर लिहिलंच आहे).

आणखी एक सापळा. पिट्युटरीच्या बिघाडात टी४ आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील तर कॉर्टिसॉल आधी भरायचं. टी४ आधी दिलं तर ते उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्याने संपवतं आणि क्रायसिस ओढवतो.

शंकासुर

'संपूर्ण हार्मोन पॅनेल' नावाच्या तपासण्या आणि 'हार्मोन बॅलन्स' करणाऱ्या पावडरी सगळीकडे दिसतात. काय म्हणता?

रसायनी

पॅनेलबद्दल एवढंच: रेंज म्हणजे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या तर सरासरीने एक रेंजबाहेर येते. मग त्या एकाचा पाठपुरावा सुरू होतो. आधी लक्षण, मग प्रश्न, मग त्या प्रश्नापुरती जोडी तपासायची.

पावडरीबद्दल: बॅलन्स कोणत्या हार्मोनचा, कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत, हे त्या डब्यावर कधी लिहिलेलं असतं का? थायरॉइडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींत आयोडीन भरमसाट असतं. प्रौढांची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणात २५०. त्याच्या कितीतरी पट आयोडीन आधीच दुखावलेल्या थायरॉइडला बंदही पाडू शकतं आणि गाठी असलेल्या थायरॉइडला भडकवूही शकतं.

पारिजात

पॅनेलमध्ये 'टोटल' आणि 'फ्री' यांचाही गोंधळ असतो. स्टेरॉइड आणि थायरॉइडची हार्मोन्स रक्तात प्रथिनांना चिकटून फिरतात. टी४ चा ९९.९७ टक्के भाग चिकटलेला, उरलेलाच काम करणारा. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळीवर ही वाहक प्रथिनं वाढतात, त्यामुळे टोटल टी४ आणि टोटल कॉर्टिसॉल दोन्ही जास्त दिसतात, आजार मात्र काही नसतो.

केशव००७

जोडीचं एखादं उदाहरण द्या ना, ज्यात रिपोर्टवर खूण नाही पण बिघाड आहे. टीएसएच सोडून.

अरण्यक

कॅल्शियम ११.२ (रेंज ८.५ ते १०.५), पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन ४८ (रेंज १५ ते ६५). कॅल्शियमपुढे खूण असते, पीटीएचपुढे नसते. वाचणारा म्हणतो, पॅराथायरॉइड ठीक आहे. उलट आहे. पीटीएचचं कामच कॅल्शियम चढवणं: हाडांतून काढायचं, मूत्रपिंडातून परत ओढायचं, ड जीवनसत्त्व सक्रिय करून आतड्यातून शोषायचं. कॅल्शियम ११.२ असताना ते जवळजवळ बंद पडायला हवं, २० च्या खाली. ४८ आहे म्हणजे ग्रंथी फीडबॅक जुमानत नाहीये. बहुधा चारांपैकी एकीत छोटी, साधी गाठ.

त्याआधी कॅल्शियम खरं वाढलंय का ते बघा. अल्ब्युमिन ४ च्या खाली असेल तर प्रत्येक १ ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवतात. लिथियम किंवा थायाझाइड चालू आहे का ते विचारा, ही औषधंही कॅल्शियम चढवतात. आणि शस्त्रक्रियेच्या आधी २४ तासांच्या लघवीतलं आणि रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन मोजून दोन्हींच्या क्लिअरन्सचं गुणोत्तर काढायचं. ते ०.०१ च्या खाली असेल तर बहुधा तो आनुवंशिक प्रकार असतो, ज्यात कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टरच वेगळा असतो. तिथे ग्रंथी काढून काही साधत नाही.

मीनाक्षी_प

याचीच उलटी बाजू: कॅल्शियम कमी, पीटीएचही कमी, आणि कॅल्शियम कितीही दिलं तरी चढत नाही. तेव्हा मॅग्नेशियम तपासा. ते फारच खाली असलं की पीटीएच सुटत नाही आणि सुटलेलं नीट कामही करत नाही. आधी मॅग्नेशियम भरा, मग कॅल्शियम.

शंकासुर

आणि इन्सुलिनची जोडी कोणाशी? साखरेशी?

रसायनी

साखरेशी, आणि सी-पेप्टाइडशीही. स्वादुपिंड प्रोइन्सुलिन तोडून इन्सुलिन बनवतं तेव्हा दर रेणूमागे एक सी-पेप्टाइड सुटतं. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. साखर ५५ च्या खाली गेलेली असताना, त्याच क्षणी घेतलेल्या नमुन्यात इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी असेल तर इन्सुलिन बाहेरून आलंय. दोन्ही जास्त असतील तर स्वादुपिंडात गाठ असेल किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी पोटात गेली असेल. म्हणून त्याच नमुन्यात सल्फोनिलयुरियाची (ग्लिमेपिराइडच्या गटातल्या औषधांची) तपासणीही करून घेतात. साखर चढवल्यानंतर घेतलेला नमुना यातलं काहीच सांगू शकत नाही. तेव्हा माणूस शुद्धीवर असेल तर आधी रक्त, लगेच मागोमाग ग्लुकोज; शुद्ध हरपत असेल तर नमुन्यासाठी थांबायचं नाही.